गणितात काठावर पास? तरी संगणकाची आज्ञावली लिहिता येते

दहावी-बारावीचे निकाल आणि खरिपाची पेरणी या दोन गोष्टी कास्तकाराच्या घरी मागेपुढे एकाच वेळी येतात. एकीकडे बियाण्याची जुळवाजुळव, दुसरीकडे लेकराच्या पुढच्या शिक्षणाची. अशा वेळी गुणपत्रिका हातात घेऊन पुष्कळ घरी एकच वाक्य ऐकू येते, ‘पोट्ट्याले गणितात चाळीसच पडले, आता कॉम्प्युटरचं काही जमत नाही त्याले!’ विषय तिथेच मिटतो. पोरीच्या बाबतीत तर तो निघण्याआधीच मिटतो.

वाचकहो, हा निवाडा घाईचा आहे. संगणकाची आज्ञावली, म्हणजे ज्याला सर्वजण प्रोग्रॅम म्हणतात, ती लिहायला गणिताचा मोठा पंडित असावे लागते हा समज शहरातून आपल्याकडे आला आणि इथे घट्ट रुजला. यात तथ्य किती आणि भीती किती, हे फी भरण्याआधी किंवा नाद सोडण्याआधी पाहिलेले बरे. मोठमोठ्या शब्दांत न शिरता आपल्याच वावरातले एक उदाहरण घेऊ.

गोणपाटावरची परीक्षा

वाशीम हा सोयाबीनचा जिल्हा. घरचे बियाणे पेरण्याआधी उगवणशक्ती तपासा, असे कृषी सहायक दरवर्षी सांगतात. रीत तुम्हाला माहीत आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवडाभराने उघडून चांगले कोंब किती आले ते मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त आले तर एकरी ३० किलो बियाणे. ७० च्या खाली आले तर जितके टक्के कमी तितका अर्धा-अर्धा किलो वाढवायचा. म्हणजे ६६ दाणे उगवले तर चार टक्के कमी, त्याचे दोन किलो, एकूण ३२ किलो. ६० आले तर ३५ किलो. ६० च्याही खाली गेले तर ते बियाणे पेरणीला घेऊ नये.

हाच हिशेब संगणकाकडून करून घ्यायचा आहे, असे समजा. तुम्ही त्याला काय सांगाल?

‘उगवलेले दाणे किती ते विचार. आकडा ७० किंवा जास्त असेल तर “एकरी ३० किलो” असे सांग. नाही तर, ६० किंवा जास्त असेल तर ७० मधून तो आकडा वजा कर, उरेल त्याचे निम्मे कर, ३० मध्ये मिळव आणि उत्तर सांग. तेही नाही तर “हे बियाणे पेरू नका” असे सांग.’

झाली आज्ञावली! कागदावर मराठीत लिहिली म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाही. ‘पायथन’ नावाच्या संगणकी भाषेत हेच लिहायला सात-आठ ओळी लागतात. आता यातले गणित मोजा. एक वजाबाकी, एक निम्मे, एक बेरीज. पाचवीच्या पलीकडचे त्यात काही नाही.

मग अवघड काय आहे? अवघड आहे ते सांगण्यात. नवख्या गड्याला ‘मोटार लाव’ म्हटले तर लाइट आहे का, विहिरीत पाणी आहे का, हे तो आपल्या मनाने पाहतो. संगणक असले काही पाहत नाही. सांगितले तेवढे आणि सांगितले त्याच क्रमाने करतो. वरच्या आज्ञेत आपण ‘७० किंवा जास्त का’ हे आधी विचारले आणि ‘६० किंवा जास्त का’ हे नंतर. समजा क्रम उलटा झाला. कुणाचे ८५ दाणे उगवले. ८५ हे ६० पेक्षा जास्त आहेत, म्हणून संगणक तिथेच थांबेल, ७० मधून ८५ वजा करील, उणे १५ येतील, त्याचे निम्मे उणे साडेसात आणि ३० मध्ये मिळवून तो सांगेल, ‘एकरी साडेबावीस किलो.’ चेहरा जराही न पाडता सांगेल. वजाबाकी बरोबर, निम्मे बरोबर, बेरीजही बरोबर. पण त्या भरवशावर पेरलेले वावर विरळ निघेल!

अशा चुका पकडणे हेच आज्ञावली लिहिणाऱ्याचे निम्मेअधिक काम असते. बरोबर ६० दाणे उगवले तर ते बांधाच्या अलीकडे धरायचे की पलीकडे? कुणी घाईत १०५ असा आकडा टाकला तर? आकड्याच्या जागी ‘साठ’ असे अक्षरात लिहिले तर? ज्याला ‘असं झालं तर काय’ हा प्रश्न सुचतो त्याला हे काम जमते. आता आभाळाकडे पाहून पेरणी पुढे ढकलणाऱ्या घरात हा प्रश्न दिवसातून किती वेळा विचारला जातो, ते वेगळे सांगायला नको.

देवळालीच्या गुरुजींची वजाबाकी

दुसरे उदाहरण गणितातलेच घेतो, पण घाबरू नका. नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. जन्म १९०५ चा, मृत्यू १९८६ चा. विद्यापीठातली मोठी खुर्ची त्यांना कधी मिळाली नाही, पण ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने त्यांनी शोधलेला एक आकडा आज जगभर ओळखला जातो. तो आकडा ६१७४.

त्याची गंमत अशी. चार अंकांची कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. ते अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येतेच.

आपला जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला ते साल १९९८. तेच घेऊ. ९९८१ उणे १८९९ म्हणजे ८०८२. आता ८८२० उणे ०२८८ म्हणजे ८५३२. पुढे ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. तीनच फेऱ्यांत गाठले. आणि ६१७४ ला पुन्हा हाच न्याय लावला तर ७६४१ उणे १४६७, परत ६१७४.

असे का होते, हे सिद्ध करायला गणित लागते. पण हे संगणकाकडून करून घ्यायला ‘मांड, उलट मांड, वजा कर, ६१७४ येईपर्यंत परत कर’ एवढेच सांगावे लागते. तरीही इथे एक खड्डा आहे. १००० ही संख्या घेऊन पाहा. १००० उणे ०००१ म्हणजे ९९९. कागदावर आपण ते समजून-उमजून ०९९९ असे धरतो, मग ९९९० उणे ०९९९ म्हणजे ८९९१ आणि गाडी पुढे जाते. संगणक मात्र पुढचा शून्य टाकून देतो. त्याच्या लेखी तीन नव्वे उरले, ९९९ उणे ९९९ म्हणजे शून्य, आणि पुढे तो शून्यातून शून्य वजा करीत बसतो. थांब म्हणेपर्यंत थांबत नाही. ‘उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लाव’ ही एक ओळ राहून गेली, त्याचा हा परिणाम. ही ओळ गणितात ९५ गुण घेणाऱ्याकडूनही राहू शकते आणि ४० गुणवाल्याला सुचू शकते.

मग हा समज आला कुठून?

पहिले संगणक गणितासाठीच बनले, ते वापरणारेही गणिताचेच लोक होते, म्हणून ही सांगड बसली. ती मोडण्याचा एक मोठा प्रयत्न मात्र दोन गणिताच्याच प्राध्यापकांनी केला. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ साली ‘बेसिक’ नावाची संगणकी भाषा तयार केली. विज्ञान-गणित न घेतलेल्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यामागचा हेतू होता. पुढे घरगुती संगणक आले तेव्हा जगातली लाखो मुले याच भाषेतून आज्ञावली शिकली.

अलीकडचा पुरावाही पाहा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्या माणसांना त्यांनी पायथन शिकवली आणि कोण किती चटकन व किती चांगले शिकतो हे तपासले. माणसामाणसांत जो फरक पडला त्यातला सरासरी २ टक्के फरक आकडेमोडीच्या कौशल्याने समजावता आला, नवी भाषा शिकण्याच्या हातोटीने १७ टक्के, आणि तर्क व स्मरण यांनी मिळून ३४ टक्क्यांच्या आसपास. शेवटपर्यंत टिकलेली माणसे ३६ होती, म्हणून या आकड्यांवर फार मोठी माडी बांधू नये. पण दिशा कळते. मराठीच्या पेपरात निबंध नीट, मुद्देसूद लिहिणारी पोरगी आज्ञावलीलाही चांगली असू शकते. हे तिच्या बापाला कुणी तरी सांगायला हवे.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर बीड जिल्ह्यातल्या दादासाहेब भगत यांचे आहे. दहावी, नंतर आयटीआय, पुण्याला एका मोठ्या संगणक कंपनीच्या अतिथिगृहात पडेल ते काम. तिथे येणारी माणसे दिवसभर संगणकावर करतात तरी काय, या कुतूहलातून त्यांनी आधी ॲनिमेशनचा अभ्यासक्रम केला आणि पुढे हैदराबादला नोकरी करता करता पायथन आणि ‘सी प्लस प्लस’ या भाषा शिकल्या. टाळेबंदीच्या काळात गावी परत येऊन त्यांनी तिथूनच काम चालवले. २०२४ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या तिसऱ्या पर्वात त्यांच्या कंपनीला एक कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची तयारी मिळाली. एका माणसाचे झाले म्हणून सर्वांचे होईल असे नाही, हे उघड आहे. त्या कोटीपेक्षा मला मधली वर्षे महत्त्वाची वाटतात. पोटासाठी नोकरी आणि उरल्या वेळात शिकणे, असे ते दिवस होते.

गणित कुठे लागतेच

आता दुसरी बाजू. गणित लागतच नाही असे सांगणारा माणूस भेटला तर तो बहुधा फी गोळा करायला बसलेला आहे असे समजा. दुकानाचा हिशेब, दवाखान्याची नोंद, संकेतस्थळ, मोबाइलवरचे साधे ॲप, ग्रामपंचायतीची यादी, या कामांना टक्केवारी, सरासरी, गुणोत्तर एवढे भागते. पण कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआयचे मूळ तंत्र, हवामानाचे अंदाज, उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाची स्थिती ओळखणे, त्रिमितीतले खेळ, इथे बीजगणित, संख्याशास्त्र आणि पुढचे पुष्कळ गणित लागते. ज्याला तिकडे जायचे त्याला एक ना एक दिवस गणिताकडे वळावेच लागेल. मात्र दारातच ते अडवत नाही. आधी आज्ञावली शिकून मग गरजेपुरते गणित शिकणारे पुष्कळ असतात. कामासाठी लागलेले गणित परीक्षेसाठी घोकलेल्या गणितापेक्षा लवकर डोक्यात शिरते, हेही खरे.

आपल्या मुलांना खरी अडचण येते ती इंग्रजीची. पायथनचे राखीव शब्द अवघे ३५ आहेत. ‘इफ’, ‘एल्स’, ‘व्हाइल’, ‘फॉर’ असे. गणितात पास व्हायला जेवढे गुण लागतात तेवढेच हे शब्द! ते आठवड्यात पाठ होतात. पण चूक झाली की संगणक जे बोलतो ते इंग्रजीत बोलतो. ‘सिन्टॅक्स एरर’ म्हणजे लिहिण्याची रीत चुकली, ‘नेम एरर’ म्हणजे तुम्ही न सांगितलेले नाव मधेच वापरले, ‘इंडेंटेशन एरर’ म्हणजे ओळीच्या सुरुवातीची जागा मागेपुढे झाली. शिकणारा हे लाल अक्षर पाहून खचतो आणि दोष देतो गणिताला. असे दहा-पंधरा संदेश मराठी अर्थासह वहीत उतरवून ठेवले तर निम्मी भीती जाते. मराठीतून शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात तयार झालेल्या ध्वनिचित्रफिती आहेत, त्यांत मराठीतल्याही आहेत, आणि त्या पाहायला पैसे पडत नाहीत.

प्रवेशाचे नियम मात्र वेगळे

इथे पालकांनी सावध राहावे. शिकता येणे ही एक गोष्ट आणि प्रवेशाला पात्र असणे ही दुसरी. संगणक अभियांत्रिकीच्या पदवीला बारावीत गणित लागते. बीसीएला बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण २०२४ पासून राज्यात त्यासाठी सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली आहे. तिचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो, आणि खेड्यातली मुले नेमकी तिथे चुकतात. आयटीआयमधला ‘कोपा’ हा संगणकाचा व्यवसाय अभ्यासक्रम दहावी पासवर आहे आणि एका वर्षाचा आहे. पदवीनंतर एमसीए करायचे मनात असेल तर त्याची गणिताची अट वेळोवेळी बदलत आली आहे, त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. अकरावीला शाखा निवडताना ‘गणित सोडू का’ असे मुलाने विचारले तर ही सगळी साखळी डोळ्यांपुढे ठेवून उत्तर द्या.

खासगी क्लासबद्दल दोन शब्द. ‘सहा महिन्यांत नोकरीची हमी’ असा फलक दिसला की बियाण्याच्या पिशवीसारखी तपासणी करा. हमी कागदावर आहे का? मागच्या तुकडीतली मुले आज कुठे कामाला आहेत? महिनाभर शिकून सोडले तर फी परत मिळते का? आणि सर्वांत सोपी कसोटी म्हणजे वरचे उगवणशक्तीचे उदाहरण शिकवणाऱ्यापुढे ठेवा. ते फळ्यावर समजावून लिहून दाखवता आले नाही तर उठून या.

तरुणांनो, आणखी एक खरे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून मराठीत सांगितले तरी आज्ञावली लिहून देणारी यंत्रे हाताशी आली आहेत. नुसते लिहिता येणे याला पूर्वीचा भाव राहिलेला नाही. पण यंत्राने लिहून दिलेल्यात ‘एकरी साडेबावीस किलो’ दडले आहे का, हे ओळखणारा माणूस लागतोच. त्यासाठी आज्ञावली वाचता यायला हवी, आणि सोयाबीनही कळायला हवे.

गावातच सुरुवात

हे सर्व पुण्या-मुंबईला गेल्यावरच करायचे असे नाही. ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनी आपल्या संगणक चालकाकडे पाहावे. नमुना ९ ची कर मागणी नोंदवही दरवर्षी तीच, घरे बहुतेक तीच, तरी मागची थकबाकी, चालू मागणी आणि एकूण हे अनेक ठिकाणी हाताने बेरीज करून भरले जाते. एक्सेलच्या तक्त्यात ‘थकबाकी असेल तर जादा आकार लाव, नसेल तर लावू नको’ अशी एका ओळीची सूचना लिहिली आणि ती खाली ओढली की चारशे घरांचा हिशेब क्षणात होतो. हीसुद्धा आज्ञावलीच आहे. त्या चालकाने एवढे केले तर प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या इयत्तेत तो पास झाला, भले बारावी कला शाखेची असो. त्याला दुपारचा एक तास शिकायला मोकळा दिला तर कार्यालयाचे काही बिघडणार नाही.

घरी संगणक नसेल तर मोबाइल चालतो. पायथन चालवणारी ॲप फुकट मिळतात, काही तर एकदा उतरवून घेतली की नेटशिवायही चालतात. लाइट गेली तरी काम अडत नाही, हा आपल्याकडे मोठाच फायदा. मोठ्या पडद्याची सवय पुढे लावता येईल.

सुरुवात मात्र कागदापासून करा. उगवणशक्तीची ती आज्ञावली आधी मराठीत लिहा, मग मोबाइलवर पायथनमध्ये उतरवा आणि हे आकडे टाकून पाहा. ७४ टाकल्यावर ३० किलो यायला हवे. ६६ ला ३२. ६० ला ३५. ५९ ला ‘पेरू नका’. मग १०५ टाका. आणि शेवटी शेजारच्या काकांच्या हाती मोबाइल द्या, ते काय टाकतात ते पाहा, आणि जिथे तुमची आज्ञावली अडखळेल तिथे एक ओळ वाढवा.